पहिल्या तीन महिन्यांत धड जेवलेच नाही, याचे परिणाम बाळाला आयुष्यभर भोगावे लागतील का?

विचारणाऱ्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा: पाचवा महिना चालू आहे. पहिले तीन महिने उलट्यांमुळे कोरडी बिस्किटं आणि लिंबूपाणी यापलीकडे फारसं काही पोटात टिकलं नाही. दीड किलो वजन उतरलं होतं, ते आता भरून आलंय. पण आई गरोदरपणात काय खाते त्यावरून मुलाला पुढे मधुमेह आणि हृदयविकार होणार की नाही हे ठरतं, असं वाचल्यापासून झोप उडाली आहे. नुकसान होऊन गेलं का, आणि आता काही करता येईल का?

आधी झोपेपुरतं उत्तर देते. नाही, उलट्यांच्या त्या तीन महिन्यांनी तुमच्या बाळाचं आयुष्य बिघडलेलं नाही. गेली २५ वर्षं मी प्रसूतिशास्त्राचं काम करते आहे. हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, आणि विचारताना जवळपास प्रत्येकीच्या चेहऱ्यावर अपराधी भाव असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या दहा-बारा आठवड्यांत गर्भ तुमच्या ताटातल्या अन्नावर फारसा अवलंबून नसतोच. वार, म्हणजे प्लासेंटा, तयार होत असते, पण आईचं रक्त वारेच्या पोकळीत अजून पूर्ण जोमाने वाहायला लागलेलं नसतं. या काळात गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींमधून जो स्राव पाझरतो, त्यावर गर्भ पोसला जातो. बाराव्या आठवड्यात त्याची लांबी डोक्यापासून बैठकीपर्यंत जेमतेम साडेपाच सेंटीमीटर असते. एवढ्याशा जिवाला लागणारी ऊर्जा तुमच्या शरीरातल्या साठ्यातून सहज निघते. ज्यांना मळमळ-उलट्या होतात त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण कमी आढळतं, हेही कानावर असू द्या. काळजी करण्यासारखी घट म्हणजे मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त, आणि सोबत शरीरातलं पाणी कमी होणं. तुमचं तसं झालेलं दिसत नाही.

मग तुम्ही वाचलंत ते खोटं का? तेही नाही. ते ज्या माणसांवरून समजलं, त्यांची उपासमार कोणत्या प्रतीची होती हे मात्र अशा लेखांतून गळून जातं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या शरद ऋतूत, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये रेल्वे कामगारांनी संप केला आणि जर्मन सैन्याने देशाच्या पश्चिम भागाची रसद तोडली. त्यात कडक हिवाळा पडला, कालवे गोठले. नोव्हेंबरअखेर अ‍ॅमस्टरडॅममधलं रेशन माणशी दिवसाला १००० कॅलरीच्या खाली आलं आणि पुढचे काही महिने ४०० ते ८०० च्या दरम्यान राहिलं. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न पुन्हा मिळू लागलं. त्या काळातही सुईणी आणि दवाखाने नोंदी ठेवत होते. त्यामुळे कोणतं मूल गर्भात कितव्या महिन्याला उपाशी होतं, हे पुढे तारखेनिशी सांगता आलं. मुद्दाम असा प्रयोग कोणी करणार नाही, करूही नये. युद्धाने तो करून ठेवला.

ज्या स्त्रियांची उपासमार शेवटच्या तीन महिन्यांत झाली, त्यांची बाळं हलकी जन्मली. हे अपेक्षितच होतं. चकित करणारा भाग पुढचा. ज्यांची उपासमार सुरुवातीला झाली आणि नंतर पोटभर मिळालं, त्यांची बाळं जन्मताना अगदी चांगल्या वजनाची होती. तीच माणसं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात लठ्ठपणा आणि हृदयविकार जास्त दिसला, रक्तातल्या चरबीचं चित्रही बिघडलेलं दिसलं. ज्यांची गर्भधारणाच दुष्काळाच्या ऐन भरात झाली होती, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. ग्लुकोज पचवण्याची क्षमता कमी झालेली आढळली ती प्रामुख्याने मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांत. म्हणजे वजनकाट्यावर न दिसणारी खूणही राहते, आणि कोणत्या अवयवावर राहते ते महिन्यावर अवलंबून असतं. जो अवयव त्या वेळी घडत असतो, त्याला फटका.

आता तुमची बिस्किटं आणि हा दुष्काळ शेजारी ठेवून बघा. तिथे साऱ्या शहराला महिनोन्‌महिने अन्न नव्हतं, थंडी होती, बॉम्ब पडत होते, आणि शरीरातले साठे आधीच्या युद्धवर्षांत आटलेले होते. दोन्हींना ‘कमी खाणं’ हा एकच शब्द लावणं मला पटत नाही.

त्याच युद्धात जर्मन सैन्याने रशियातल्या लेनिनग्राड शहराला घातलेला वेढाही असाच भयंकर होता, कालावधीने कितीतरी लांब. तिथे गर्भात उपाशी राहिलेल्यांची १९९० च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा ग्लुकोजच्या बाबतीत नेदरलँड्ससारखा फरक दिसला नाही. याचं एक स्पष्टीकरण मला बरंच पटतं. नेदरलँड्समध्ये दुष्काळ संपला आणि मुलं एकदम भरपूर अन्नाच्या जगात वाढली. लेनिनग्राडमध्ये टंचाई नंतरही रेंगाळली. गर्भ जणू बाहेरच्या जगाचा अंदाज घेऊन शरीराची घडी बसवतो. टंचाईसाठी बसवलेल्या घडीला सुबत्ता मिळाली की ती विस्कटते. हे लक्षात ठेवा, बाळाच्या जन्मानंतरच्या आहाराबद्दल बोलताना पुन्हा लागेल.

या सगळ्या विचाराला चालना दिली ती इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी. साउदॅम्प्टनला काम करणाऱ्या या डॉक्टरांना हर्टफर्डशर परगण्यातल्या जुन्या वह्या सापडल्या. १९११ पासून तिथल्या आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन लिहून ठेवत होत्या. त्या बाळांचं पुढे काय झालं हे शोधल्यावर १९८९ मध्ये बार्कर यांनी मांडलं की वर्षाचे असताना सर्वांत हलके असलेले मुलगे पुढे हृदयविकाराने सर्वांत जास्त प्रमाणात मेले. तोवर हृदयविकार म्हणजे सिगारेट, लोणी आणि आळस, एवढंच समीकरण होतं.

इथे एक घोळ नेहमी होतो. जन्माचं वजन म्हणजे आईच्या आहाराची गुणपत्रिका नव्हे. वार नीट रुजली नाही, आईचा रक्तदाब वाढला, घरात धूम्रपान आहे, जुळी आहेत, किंवा घराण्याचीच चण बारीक आहे, तरी बाळ हलकं होतं. काही जनुकं तर अशी आहेत की ती इन्सुलिनचं काम मंदावतात. इन्सुलिन हे गर्भाच्या वाढीचंही संप्रेरक असल्याने बाळ लहान राहतं आणि मोठेपणी त्यालाच मधुमेह होतो. अशी जनुकं वडिलांकडूनही येतात. ‘हिने नीट खाल्लं नाही म्हणून’ असं म्हणणाऱ्या सासरच्या मंडळींना मी हे आवर्जून ऐकवते.

खूण राहते कशी? सगळ्यात सरळ उदाहरण मूत्रपिंडाचं. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म एककांना नेफ्रॉन म्हणतात. एका मूत्रपिंडात ते सरासरी १० लाखांच्या आसपास असतात, पण माणसामाणसांत फार मोठा फरक असतो. ते साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतात आणि त्यानंतर आयुष्यात एकही नवा होत नाही. गर्भात अन्न किंवा प्राणवायू कमी पडला की शरीर तो मेंदूकडे वळवतं आणि मूत्रपिंडाच्या वाट्याला काटकसर येते. कमी भांडवलावर ७०-८० वर्षं चालवायचं, म्हणजे प्रत्येक नेफ्रॉनवर ताण जास्त आणि रक्तदाब वाढण्याची शक्यताही जास्त. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची गोष्टही याच वळणाची आहे.

दुसरी यंत्रणा जनुकांवरच्या रासायनिक खुणांची. जनुक तेच राहतं, पण ते किती जोराने वाचलं जाईल हे त्यावर चिकटलेल्या मिथाइल गटांवरून बदलतं. २००८ मध्ये, नेदरलँड्समधल्या त्या दुष्काळात गर्भावस्थेचे सुरुवातीचे आठवडे गेलेल्या माणसांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली गेली. वाढीशी निगडित एका जनुकावरच्या खुणा ६० वर्षांनंतरही कमी आढळल्या. शोध खराच विलक्षण. पण फरक थोड्या टक्क्यांचा होता, आणि त्यामुळेच अमुक आजार झाला असं त्यातून सिद्ध होत नाही. ‘तुमच्या आहाराने बाळाची जनुकं बदला’ असे मथळे दिसले की पुढचं वाचू नका.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. माझ्या मते या विषयातल्या सर्वांत उपयोगी कामांपैकी ते एक आहे. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. म्हणजे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण खांद्याच्या मागच्या कातडीची घडी मोजली तर तिथली चरबी त्या मानाने जवळजवळ टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. मुलं सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली. गरोदरपणात ज्यांच्या रक्तात फोलेट (गोळीतलं फोलिक अ‍ॅसिड) भरपूर पण बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत चरबी आणि इन्सुलिनला होणारा विरोध जास्त होता. ही दोन जीवनसत्त्वं शरीरात एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात. एकाची गोळी रोज चालू आणि दुसऱ्याची कधी तपासणीच नाही, ही गफलत आजही होते. बी१२ नैसर्गिकरीत्या फक्त प्राणिजन्य अन्नात मिळतं: दूध, अंडी, मासे, मांस. यांपैकी काहीच किंवा फारच थोडं खात असाल तर ते तपासून घ्याच.

आतापर्यंत सगळं कमी खाण्याबद्दल झालं. माझ्या रोजच्या कामात मात्र मला उलट बाजूची धास्ती जास्त वाटते. आईच्या रक्तातली साखर वार ओलांडून सरळ बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जादा सोडतं आणि चरबी साठवतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या पिमा आदिवासींमध्ये सख्ख्या भावंडांची तुलना झाली. आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या मुलाला मधुमेह असण्याची शक्यता, त्याच आईला तो होण्याआधी जन्मलेल्या भावंडापेक्षा ३.७ पट होती. आई तीच, बाप तोच, घर तेच. बदललं होतं ते गर्भातलं रक्त.

अलीकडचा एक पुरावा तर थेट साखरेच्या डब्याशी जाऊन भिडतो. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून चालत आलेलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि साखरेचा खप दिवसाला माणशी सुमारे ४० ग्रॅमवरून ८० कडे गेला. गर्भावस्था आणि सुरुवातीची एक-दोन वर्षं रेशनिंगमध्ये गेलेल्यांना, नंतर जन्मलेल्यांच्या तुलनेत, टाइप २ मधुमेह सुमारे ३५ टक्के आणि उच्च रक्तदाब सुमारे २० टक्के कमी झाला, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निघालं. यातला साधारण एक तृतीयांश फायदा गर्भातल्या काळाचा होता. उरलेला जन्मानंतरचा, म्हणजे तुमच्या हातात अजून पूर्ण शिल्लक असलेला.

माझ्याकडे एक बाई यायच्या. बाळाचं वजन वाढावं म्हणून घरच्यांनी त्यांना सातव्या महिन्यापासून दिवसातून तीन वेळा फळांचा गोड रस सुरू केला होता. बाळ वाढलं खरं, पण साखरेची तपासणी केली तेव्हा कळलं कशाने वाढलं ते. दोन जिवांची आहेस, दोघांचं खा, हा सल्ला प्रेमाचा असतो पण हिशेबात चुकतो. पहिल्या तीन महिन्यांत जादा ऊर्जेची गरज जवळजवळ नसते. मधल्या तीन महिन्यांत दिवसाला ३४० च्या आसपास आणि शेवटच्या तीन महिन्यांत सुमारे ४५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एखादा भरीव नाश्ता. सुरुवातीचं वजन उंचीच्या मानाने योग्य असेल तर नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढ ठीक. आधीच वजन जास्त असेल तर ७ ते ११.५ पुरे.

वाढते ती गरज पोटाच्या आकाराची नसून पोषकद्रव्यांची. फोलिक अ‍ॅसिडचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. ज्यांचं आधीचं बाळ मज्जारज्जूच्या व्यंगाचं होतं अशा स्त्रियांमध्ये १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत मोठ्या मात्रेने ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. पण जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत अर्धा वेळ गेलेला असतो. म्हणूनच रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून हवी. तुमच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत मणका नीट दिसला असेल तर ही काळजी सोडून द्या.

आयोडीनकडे मात्र कोणी बघत नाही. बाळाच्या मेंदूला थायरॉइड संप्रेरक लागतं आणि गर्भारपणाच्या पूर्वार्धात ते मुख्यतः आईकडून येतं. तीव्र कमतरतेने मतिमंदत्व येतं हे फार जुनं ज्ञान आहे. सौम्य कमतरता असलेल्या ब्रिटिश मातांच्या मुलांचेही आठ-नऊ वर्षांचे असताना वाचनाचे आणि भाषिक बुद्ध्यंकाचे गुण कमी आढळले, हे २०१३ मध्ये पुढे आलं. दिवसाला २५० मायक्रोग्रॅम हवं. घरात आयोडीनयुक्त मीठ आहे ना, एवढं तरी पाकिटावर वाचून घ्या. लोहाची गोळी चहा-कॉफीसोबत घेऊ नका, नाहीतर ती घेतल्याचा निम्मा अर्थ जातो.

काही गोष्टींनी निराश केलं, तेही सांगायला हवं. माशाच्या तेलाने मूल हुशार होतं या आशेवर ऑस्ट्रेलियात दोन हजारांहून जास्त स्त्रियांवर चाचणी झाली. मुलं सात वर्षांची होईपर्यंत तपासली, बुद्धीत फरक नाही. मात्र ओमेगा-३ ने वेळेआधी होणारी प्रसूती कमी होते, आणि डेन्मार्कमधल्या चाचणीत मुलांमधला दमा सुमारे एक तृतीयांशाने घटला. अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी गरोदरपणात शेंगदाणे, अंडी, दूध वर्ज्य करण्याचा जुना सल्ला तर फोलच ठरला. तुम्हाला स्वतःला अ‍ॅलर्जी नसेल तर खुशाल खा.

चवीबद्दल एक गंमत. शेवटच्या तीन महिन्यांत ज्या स्त्रियांनी नियमित गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज कमी तोंडं वेंगाडून खाल्ली. गर्भजलात चवी उतरतात. म्हणून भाज्या आत्ता खाल्ल्या तर दोन वर्षांनी ताटावरची भांडणं कदाचित थोडी कमी होतील. कदाचित.

आणि हो, चांगलं खाणाऱ्या स्त्रिया बहुधा जास्त शिकलेल्या, कमी कष्टाच्या आणि धूम्रपान न करणाऱ्या घरातल्याही असतात. त्यांची मुलं निरोगी निघाली तर श्रेय भाजीचं की घराचं हे वेगळं काढणं कठीण असतं. म्हणूनच भावंडांशी तुलना करणाऱ्या अभ्यासांना मी जास्त वजन देते. बापाचं वजन आणि त्याच्या सवयीही मुलाच्या वजनाशी निगडित असतात, फक्त त्याला कोणी पाचव्या महिन्यात रात्रभर जागं ठेवत नाही.

तुमच्या पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, बी१२ आणि थायरॉइड पाहून घ्या. २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी चुकवू नका, घराण्यात मधुमेह नसला तरी. प्रत्येक जेवणात डाळ, अंडं, मासा, दूध यांपैकी काहीतरी प्रथिनांचं, एक हिरवी भाजी, आणि फळ खायचं ते चावून. मद्य अजिबात नाही. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण दोन छोटे कप कॉफी. यकृत आणि जीवनसत्त्व ‘अ’च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या टाळा, त्याचा अतिरेक गर्भाला घातक असतो.

बाळ जन्मल्यावर ते थोडं हलकं निघालं तर त्याला घाईने गुबगुबीत करण्याच्या मागे लागू नका. दिल्लीत जन्मलेल्या सुमारे दीड हजार जणांचा मागोवा घेतला गेला. तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडलेली आढळली ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि त्यानंतर त्यांचं वजन उंचीच्या मानाने भराभर चढत गेलं होतं. ती लेनिनग्राडची गोष्ट आठवते ना? पहिली दोन वर्षं नीट वाढू द्यायचं, अंगावरचं दूध आणि मग घरचं जेवण. त्यानंतर वाढीच्या तक्त्यावर त्याची रेघ एकदम वर उसळत नाही ना एवढं बघायचं.

आणि उलट्या पुन्हा सुरू होऊन पाणीही टिकेनासं झालं, लघवी कमी आणि गडद व्हायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि सलाइनमध्ये ग्लुकोज देण्याआधी बी१ जीवनसत्त्व देणार आहात ना, हे विचारायला संकोच करू नका.